अंगाशी न येणारा विषय

लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी अनोळखी माणूस बसला की दुसरं वाढप येईपर्यंत विचारतोच, "मॅडम, तुम्ही कुठला विषय शिकवायच्या?" मी सांगते, लोकप्रशासन. तो मठ्ठ्याचा घोट घेतो आणि म्हणतो, "म्हणजे राजकारण." पूर्वी मी जेवण बाजूला ठेवून फरक समजावत असे. राजकारणी ठरवतात, प्रशासनातले करतात किंवा करत नाहीत, आणि ते का करत नाहीत याचा अभ्यास म्हणजे आमचा विषय. आता मी नुसती मान डोलावते आणि जेवते.

आठवडाभर मी पेणच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची आणि रविवारी गाडी पकडून रोह्याला जायची. तिथे एका शाळेच्या वरच्या मजल्यावर नोकरदारांसाठी एम.ए. लोकप्रशासनाचं अभ्यासकेंद्र चालायचं, त्याची मी समन्वयक. समन्वयक म्हणजे कुलूप उघडणारी, फळा पुसणारी, शिकवणारी आणि विद्यापीठाला फोन लावून तिकडची गाणी ऐकत बसणारी. पाचवीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले माझे विद्यार्थी असायचे ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका, एखाददुसरा पोलीस आणि रोह्याच्या कंपन्यांतले सुपरवायझर. सुपरवायझर रात्रीची शिफ्ट संपवून थेट वर्गात यायचे आणि मागच्या बाकावर शांतपणे झोपायचे. मी त्यांना उठवत नसे. घोरले तरच उठवायची.

पदवी दोन वर्षांची. पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखंच ताट. दुसऱ्या वर्षी मात्र एक विशेष विषय निवडावा लागतो. मनुष्यबळ व्यवस्थापन, स्थानिक स्वराज्य, आर्थिक प्रशासन, नाहीतर आपत्ती व्यवस्थापन. माहितीपुस्तकात लिहिलेलं असायचं की विद्यार्थ्याने आपली आवड व कार्यक्षेत्र लक्षात घेऊन विषय निवडावा. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने रोह्याला एक रविवार येऊन बसायला हवं होतं.

कारण खरी निवड वेगळीच व्हायची. पुरेशी मुलं असल्याशिवाय केंद्रावर विषय उघडत नाही, असा नियम. तुम्ही एकट्याने आवड जपलीत तर पनवेलला जा. त्यामुळे आमच्याकडे निवडीचा एक रविवार ठरलेला असायचा आणि त्या दिवशी वर्गाचा बाजार व्हायचा. कुठल्या विषयाचं गाइड पेणच्या दुकानात मिळतं, कुठल्या पेपरात टिपा जास्त येतात, कुठला परीक्षक दयाळू आहे, यावर घासाघीस चालायची. शेवटी सगळे एकगठ्ठा मनुष्यबळाकडे वळायचे. एक तर गाइड पातळ. दुसरं म्हणजे कंपनीवाल्यांना प्रमोशनला ते बरं पडायचं. आणि मनुष्यबळ म्हणजे माणसांना कामाला लावणं, हे आपल्याला उपजतच येतं असा प्रत्येकाचा समज.

एका वर्षी एका गावच्या सरपंचबाईंचे यजमान आले. प्रवेश बाईंचा होता, विषय निवडायला हे. "तिला काय कळतंय मॅडम, मीच बघतो सगळं." मी म्हटलं, "मग परीक्षेलाही तुम्हीच बसा, साडी नेसून." माझी जीभ अशीच आहे, नोकरीत तिने मला काही मिळवून दिलं नाही. पुढच्या रविवारी बाई स्वतः आल्या आणि स्थानिक स्वराज्य घेते म्हणाल्या. का, विचारलं तर म्हणाल्या, "सही कुठं करायची ते समदे सांगतात. कशावर करते ते कोण सांगत नाय." बाजारात कुणी बरोबर आलं नाही म्हणून त्यांना पनवेलला जावं लागलं असतं. यजमानांनी जाऊ दिलं नाही. त्यांनी मनुष्यबळ घेतलं, पास झाल्या आणि सह्या करत राहिल्या.

आणि एक मोकल. पेणच्या एका कचेरीत तेव्हा कारकून होता. केस चापून बसवलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. निवडीच्या रविवारी सगळे गेल्यावर तो मागे थांबला आणि अगदी प्रामाणिक चेहऱ्याने विचारता झाला, "मॅडम, यातला अंगाशी न येणारा विषय कुठला?"

मी भडकले. म्हटलं, "शिकलेलं कधी अंगाशी येतं का? शिकायला आलायस की विमा उतरवायला?" तो अपमान झाल्यासारखा हसला, मनुष्यबळ लिहून गेला आणि चांगल्या गुणांनी पास झाला. पुढे खात्याच्या परीक्षा देत देत अधिकारी झाल्याचं कानावर आलं. केंद्राचा एक मुलगा वर चढला याचा मला आनंदच झाला होता.

मला सांगायचंय ते रंजनाबद्दल. बाकीचं एवढ्यासाठी सांगितलं की वर्गात वारा कुठल्या दिशेने वाहत होता ते कळावं.

रंजना पाटील ग्रामसेविका होती. कासूला माझ्याच गाडीत चढायची. चप्पल बहुतेक वेळा चिखलाने माखलेली असायची, कारण स्टेशनपर्यंत ती खारेपाटातून यायची. धरमतरच्या खाडीच्या अंगाला जी सपाट भातजमीन पसरलेली आहे तिला आमच्याकडे खारेपाट म्हणतात. ही जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध असतो आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्यात दारं असतात, त्यांना उघाडी म्हणायचं. बांध उभा आहे तोवर भात. बांध फुटला, त्याला खांड पडली, की खारं पाणी आत. मग काही पावसाळे त्या जमिनीत काही उगवत नाही. रंजनाचं माहेर याच बांधाच्या आतलं, नोकरी शेजारच्या गावात, जिथे तिची आत्या दिलेली.

निवडीच्या रविवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला आपत्ती पायजे."

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "लग्न झालंय की तुझं." तीही हसली. मग म्हणाली, "आमचा बांध कुनाचा हाय ते मला शिकायचंय. खारभूमी खातंवाले म्हनतात महसूलचा, महसूलवाले म्हनतात ग्रामपंचायतीचा, आणि ग्रामपंचायतीत तर मीच बसते. मला तर कोन काय सांगितलं नाय."

मी तिला नियम सांगितला. मुलं जमव, नाहीतर पनवेल. तिने काय करावं? पुढचे दोन रविवार ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला अडवत होती. निवडणुकीला उभी असल्यासारखी. तलाठ्यांना म्हणाली, पंचनामे तुम्हालाच करायचे असतात, मग आधीच शिका. आरोग्यसेविकेला म्हणाली, पुरानंतर गोळ्या कोन वाटतं? मागच्या बाकावर झोपणारे दळवी एका कंपनीच्या सेफ्टी खात्यात होते. त्यांना तिने चक्क उठवलं. "दळवीकाका, तुमच्या कंपनीत भोंगा वाजला का सगळे गेटवर रांगेत उभे रहातात. आमच्या गावात कोन वाजवनार?" दळवी डोळे चोळत म्हणाले, "बाई, लिही माझं नाव, पण झोपू दे."

विषय उघडला. शिकवायला माणूस नव्हता. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी स्वतः पुस्तकं आणून दरड, पूर, वायुगळती वाचत बसले. आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचं. इतक्या वर्षांत मला शिकवण्यात इतकी गोडी कधी वाटली नव्हती. रविवारच्या त्या वर्गात कुणी झोपलं नाही, दळवीसुद्धा.

प्रकल्पासाठी रंजनाने अर्थातच बांध घेतला. एका रविवारी वर्ग सुटल्यावर परतताना तिने मला कासूला उतरवून घेतलं आणि बांधावर नेलं. एका बाजूला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि खाडीचा काळा चिखल, दुसऱ्या बाजूला पोपटी भात, आणि मधून आम्ही एकामागे एक. तिची आत्या पुढे होती, सत्तरीची, कासोट्याची साडी, पाय अनवाणी. चालता चालता ती मला जुनी रीत सांगत होती. पूर्वी बांध गावाचा होता. बांधातून पाणी झिरपायला लागलं की ज्याला ते पहिल्यांदा दिसेल त्याने हाक मारायची. हाक ऐकली की घरटी एक माणूस घमेलं नि पेंढा घेऊन निघायचा.

"आनि ज्यानी झिरप बघितली त्यानी तिथशी हलायचा नाय," ती म्हणाली. "मानसा येईपरत तिथंच उभा रवायचा."

"का? धावत जाऊन बोलवावं ना."

"अगो बाय, तो हलला तं जागा कशी गावायची? पानी चढला का सगला सारखाच दिसतो. तो उभा असला तं मानसा त्याच्याकरं बघून येतात."

मला ते इतकं आवडलं की मी रंजनाला ते प्रकल्पात लिहायला लावलं. त्यापुढे तिने हेही लिहिलं की बांध सरकारी झाल्यापासून हाकेला कुणी येत नाही. गावच्या पोरांनी एकदा तिवरांतली माती काढून भगदाड बुजवलं तर त्यांच्यावरच केस झाली होती. बांध नक्की कुठे कुठे कच्चा आहे तेही तिने नकाशा काढून दाखवलं. कुठलं दार गंजलंय, कुठे खेकड्यांनी पोखरलंय, कुठे माती बसलीय. परीक्षकाने शेरा दिला, उत्कृष्ट.

निकाल लागल्यावर गावाने शाळेत तिचा सत्कार केला. आत्याने तिच्या हातात नारळ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आता शिकून आलीस ना गो, आता बांध तुझा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. रंजनाने कचेरीत जाऊन सेवापुस्तकात नोंद करून घेतली की एम.ए. लोकप्रशासन, विशेष विषय आपत्ती व्यवस्थापन. नोकरीत माणूस काय शिकला ते त्यात लिहिलेलं असावं, एवढीच तिची हौस. प्रकल्पाची एक प्रत तिने बांध सांभाळणाऱ्या खात्याला नेऊन दिली. साहेबांना कच्च्या जागा शोधायला त्रास नको म्हणून.

पुढे ती नेमाने पत्रं पाठवत राहिली. अमुक जागी माती खचली आहे, अमुक दार बसत नाही, पावसाळ्याआधी दुरुस्ती व्हावी. उत्तर यायचं की विषय विचाराधीन आहे. मी फोनवर चिडायचे, तीच मला म्हणायची, "होईल मॅडम. त्यांचं पन वरती कोनीतरी असतं."

खांड पडली ती श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी. मी तिथे नव्हते. आत्याने मला नंतर सांगितलं. लावणी होऊन भात वीतभर वर आलेला. रंजना उधाण म्हणून मुद्दाम बांधावर गेली होती आणि आपल्याच नकाशातल्या एका जागी तिला आतल्या अंगाला पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसलं. तिने खात्याला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. वरच्या कचेरीला लावला. तिथल्या माणसाने विचारलं की फोटो पाठवता का, सोबत ठिकाण दिसेल असा. तिने पाठवला. मग गावाकडे तोंड करून हाका मारल्या. गाव आलं, पण रस्त्यापर्यंत. सरकारी बांध, हात लावला तर केस. मोबाइल वर करून पोरं शूटिंग घेत होती. चारसहा बायका तेवढ्या खताच्या गोणींत माती भरून धावल्या, पुढे आत्या.

"तिला हजारदा म्हटला, हल तिथशी," आत्या सांगत होती. "ती म्हनली, आत्या, तूच सांगितलास ना हलायचा नाय. पानी गुडघ्यावर आला तरी उभी. शेवटाला मी तिचा हात धरून वढली, नायतर बांधाबरोबर गेली असती."

बांध बसला आणि खाडी भातात शिरली. संध्याकाळपर्यंत कासूच्या दिशेला नजर जाईल तिथवर पाणी होतं.

साहेब लोक दुसऱ्या दिवशी आले. रंजना चार दिवस घरी गेली नाही, शाळेत लोकांना खिचडी वाटत होती, पंचनामे लिहून देत होती. मग कारणे दाखवा नोटीस आली. ती ग्रामसेविकेला आली, बांधवाल्या खात्याला नाही. ती घेऊन रंजना पेणला माझ्या घरी आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि कागद माझ्यापुढे धरला. मी दोनदा वाचला. आपण आपत्ती व्यवस्थापन या विषयात विशेष शिक्षण घेतलेले असून सदर बांध कमकुवत असल्याची आपणांस पूर्वकल्पना होती, हे आपल्याच प्रकल्पावरून दिसून येते. तरीही योग्य त्या उपाययोजना न करता आपण कर्तव्यात कसूर केली.

"मॅडम," ती म्हणाली, "योग्य उपाय म्हंजे काय करायचं हुतं मी? ते तुम्ही शिकवलेलं असंल तर मला आठवत नाय."

माझ्या पुस्तकांत ग्रामसेविकेने एकटीने बांध कसा धरावा हे कुठेच दिलेलं नव्हतं.

चौकशी अधिकारी कोण, तर मोकल. मला आशा वाटली हे लपवत नाही. आपलाच मुलगा. मी तिच्याबरोबर गेले. मोकल खुर्चीतून उठून आला, वाकून नमस्कार केला, चहा सांगितला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. केस अजूनही तसेच चापून बसवलेले, विरळ झालेले एवढंच.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"तिने वेळोवेळी कळवलं होतं, हे सांगायला आले. पत्रांच्या पोच आहेत."

"तोच तर प्रश्न आहे ना," तो हळुवारपणे म्हणाला. "कळवलं म्हणजे माहीत होतं."

"आणि ज्यांना कळवलं त्यांना माहीत नव्हतं?"

"पत्रं आवकला पोचली होती. टेबलावर विषय आला नव्हता."

"अरे, ते इंजिनियर आहेत. बांध खचतोय हे त्यांना पत्राशिवाय कळू नये?"

"ते स्थापत्यचे आहेत, मॅडम. आपत्तीचे नाहीत. आपत्तीचं शिक्षण यांचंच आहे, तशी सेवापुस्तकात नोंद आहे. मी नोंद कशी पुसू?"

रंजना बाजूला उभी होती. तिला बसायला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मोकल, तू माझ्याकडे शिकलास. हे तुला पटतंय?"

त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "पटायचं काय त्यात, मॅडम. कुणाचं तरी नाव लागतं." आणि मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा आवाज खाली आणून म्हणाला, "मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? तुम्ही माझ्यावर चिडला होतात."

त्याने ते टोचून म्हटलं नाही. मायेने म्हटलं, ते मला जास्त लागलं. आयुष्यभर वर्गात मी जे जे बोलले त्यातलं एकच वाक्य खरं की खोटं ते त्याने तपासून पाहिलं होतं, आणि ते खोटं निघालं होतं. त्या कचेरीच्या पायऱ्या उतरताना मला इतका संताप आला होता की रंजनाचा हात मी किती घट्ट धरलाय ते तिने सांगितल्यावर कळलं.

तिची वेतनवाढ रोखली आणि बदली झाली. बांधवाल्या खात्याने खांड भरण्याचा प्रस्ताव केला, तो अजून विचाराधीन आहे. दरम्यान भाताच्या जागी तिवरं उगवली. तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे आता एक तिसरंच खातं म्हणतं की ही जागा शेतीची नाही, इथे बांध घालता येणार नाही. आत्या तिथल्या चिखलात निवट्या मासे पकडते आणि पेणच्या बाजारात विकायला बसते. बांध कुणाचा, याचा निकाल शेवटी असा लागला.

पुढच्या निवडीच्या रविवारी मी चारही विषय नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिले. आपत्ती लिहिताना वर्गात हालचाल झाली नाही. एक तरुण तलाठी म्हणाला, "मॅडम, ते पुसा. ज्यात आपल्याला आधी कळलं होतं असं सिद्ध होतं ते नको." त्याची काय चूक? सगळ्यांनी मनुष्यबळ घेतलं. मी ते वर्ष पुरं केलं आणि केंद्राच्या किल्ल्या विद्यापीठाला परत केल्या.

गेल्या उन्हाळ्यात दळवींच्या मुलीचं लग्न होतं, रोह्याला, कुंडलिकेच्या काठच्या हॉलमध्ये. पंगतीत माझ्या शेजारी रंजना येऊन बसली. तिची बदली रोह्याच्या आतल्या, डोंगराच्या अंगाच्या गावांत झाली होती, भात आणि वालाचा मुलूख. खाडी नाही, बांध नाही. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटली.

जेवता जेवता ती म्हणाली, "मॅडम, विशेष विषय बदलून मिळतो का?"

"मिळतो की. परीक्षेचा अर्ज भरेपर्यंत. कुणासाठी, भाचीसाठी?"

"माझ्यासाठी."

मी हसले. ती हसली नाही. भात कालवत राहिली.

"माझ्याकडं एक वाडी हाय," ती म्हणाली. "डोंगराच्या पायाशी. वरती करवंदीच्या जाळ्या हायत, त्यांच्या मागं भेग पडल्येय. बायका लाकडाला जातात, रोज बघतात. त्यांना भेग दिसते. मला ती दरड दिसते. तुम्ही शिकवलंत ना, भेगेच्या खालची झाडं तिरकी व्हायला लागली का काय समजायचं ते. झाडं तिरकी हायत, मॅडम."

"कळवलंस का?"

"कळवलं म्हंजे माहीत हुतं."

मोकलचं वाक्य, शब्दाला शब्द. मी म्हटलं, "मग मी कळवते. माझ्या नावाने. मला सेवापुस्तक नाही, माझं कोण काय रोखणार आहे? गावाचं नाव दे."

"तुमचं पत्र वरती जाईल. वरनं शेरा येईल, ग्रामसेविकेनं समक्ष पाहणी करून अहवाल द्यावा. ते फिरून माझ्याकडंच यायचं." ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. तिसऱ्या पेपरात मी शिकवलेला पत्राचा प्रवास ती मला परत सांगत होती. "मी मनुष्यबळ घ्यायला पायजे हुतं, मॅडम. खरंच. तो डोंगर मला नुसता डोंगर दिसला असता."

मला वाटलं होतं, आपली रंजना असं कधी म्हणणार नाही. मला रडू आलं नाही. राग आला, इतका की हातातला घास तसाच राहिला. विषय बदलायचा म्हणून काहीतरी विचारायचं, तर विचारलं, "रोह्यातच राहतेस ना? खोली चांगली आहे का?"

"खोली सोडली. वाडीत गेले रहायला, शाळेच्या मागच्या बाजूला. पाऊस सुरू व्हायच्या आधी गेलेलं बरं."

"त्या भेगेच्या खाली? वेड लागलंय तुला?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"पत्र मी लिहिनार नाय, मॅडम," ती म्हणाली. "पन बघितली ना मी. आता हलू कशी?"

वाढपी भाताची परात घेऊन आमच्यापुढे आला. रंजना म्हणाली, "मॅडमना वाढा." मी पानावर हात आडवा धरला.